माहेरचे ऋण आणि पूर्वजगृहातील नामफलक : चिनी ऐतिहासिक मालिकांतील कर्तृत्ववान स्त्रिया

विवाहित स्त्रीच्या जन्मघराला चिनी भाषेत 'न्यांगज्या' म्हणतात. या शब्दाचा शब्दशः अर्थ 'आईचे घर' असा आहे. मराठीतील 'माहेर' हा शब्दही 'मातृगृह' या शब्दावरून आलेला असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. सासरला मात्र चिनी भाषेत 'पोज्या', म्हणजे सासूचे घर, असे म्हटले जाते. मराठी सासर श्वशुराच्या नावाने ओळखले जाते. नव्या सुनेवर प्रत्यक्ष हुकमत कोणाची चालते याविषयी चिनी भाषा अधिक स्पष्टवक्ती आहे, असे म्हणता येईल. या दोन घरांमधील ओढाताण हा चिनी ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिकांचा एक मध्यवर्ती विषय असून, या मालिकांतील कर्तृत्ववान स्त्रियांचे आकलन त्याशिवाय पूर्ण होत नाही.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत चीनमध्ये गाजलेल्या ऐतिहासिक मालिका प्रामुख्याने सम्राटांच्या होत्या. १९९९ मधील 'योंगझेंग राजवट' आणि २००१ मधील 'खांगशी राजवट' या अर युए ह यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या मालिकांत राज्यकारभार, भ्रष्टाचार आणि वारसाहक्काचा संघर्ष हे विषय होते. स्त्रीकेंद्री अपवाद तेव्हाही होते. १९९५ मध्ये ल्यू श्याओछिंग यांनी सम्राज्ञी वू झेत्येनची भूमिका केली; २००० मध्ये ली शाओहोंग या दिग्दर्शिकेने 'ताइपिंग' राजकन्येच्या दृष्टीतून थांग दरबार उभा केला. हाँगकाँगमध्ये २००४ साली छिंग अंतःपुरातील कारस्थानांवरची एक मालिका अत्यंत लोकप्रिय झाली. तथापि २०११ मध्ये दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांची ७६ भागांची 'झेन ह्वान' प्रदर्शित झाल्यानंतर अंतःपुर हेच चिनी ऐतिहासिक मालिकांचे मुख्य रंगस्थळ बनले. या मालिकांतील स्त्री बुद्धिमान आहे, प्रसंगी निष्ठुर आहे आणि बहुतेक वेळा एकटी आहे. परंतु ती स्वतःसाठी लढते असे क्वचितच दाखविले जाते. ती वडिलांसाठी, बहिणीसाठी, आजीसाठी किंवा पोटच्या मुलासाठी लढते. ही कुटुंबनिष्ठा म्हणजे पटकथालेखकाने नायिकेला सहानुभूती मिळावी म्हणून जोडलेला अलंकार आहे, की तिचा पाया चिनी समाजाच्या आणि राज्यसंस्थेच्या इतिहासात आहे, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात तपासला आहे.

आज्ञापालनाचा उपदेश आणि त्यातील फट

कन्फ्यूशियन परंपरेने स्त्रीला तीन आज्ञापालने सांगितली : विवाहापूर्वी पित्याचे, विवाहानंतर पतीचे आणि वैधव्यात पुत्राचे. इ.स.पू. पहिल्या शतकात ल्यू श्यांगने आदर्श आणि दुराचारी स्त्रियांची चरित्रे संकलित केली. त्यानंतर सुमारे शतकभराने बान झाओ या विदुषीने मुलींसाठी उपदेशपर ग्रंथ लिहिला. नम्रता, कष्ट आणि सासू-सासऱ्यांपुढे नमते घेणे यांची शिकवण देणारा हा ग्रंथ पुढील अनेक शतके प्रमाण मानला गेला.

बान झाओचे स्वतःचे चरित्र मात्र तिच्या उपदेशाच्या चौकटीत बसत नाही. तिचा भाऊ बान गू याच्या मृत्यूमुळे अपुरा राहिलेला हान राजवटीचा इतिहास तिने पूर्ण केला. दुसरा भाऊ बान छाओ मध्य आशियातील प्रदेशांत तीन दशके साम्राज्याची सेवा करून म्हातारा झाला, तेव्हा त्याला घरी परत येऊ द्यावे यासाठी तिने सम्राटाकडे अर्ज केला. तो मान्य झाला आणि इ.स. १०२ मध्ये बान छाओ परतला. पुढे १०६ ते १२१ या काळात राज्यकारभार चालविणाऱ्या राजमाता देंगची ती सल्लागार होती. म्हणजे आज्ञापालनाचा ग्रंथ लिहिणारी ही स्त्री विवाह आणि वैधव्यानंतरही आपल्या दोन भावांचे काम आणि नाव सांभाळत होती. तत्त्व आणि आचरण यांतील हे अंतर दांभिकपणाचे नाही. कुटुंबाच्या भाषेत मांडलेली मागणी राज्यसत्ता सहजासहजी नाकारू शकत नव्हती, हे बान झाओला नेमके ठाऊक होते.

तिसऱ्या आज्ञापालनातही अशीच एक फट होती. वैधव्यात स्त्रीने पुत्राची आज्ञा पाळावी, असे ग्रंथ सांगत. परंतु मातृपितृभक्ती हा त्याच परंपरेतील सर्वश्रेष्ठ सद्गुण असल्याने पुत्राने, तो सम्राट असला तरी, आईपुढे गुडघे टेकणे क्रमप्राप्त होते. सम्राटाला ज्या व्यक्तीपुढे वाकावे लागे अशी राज्यात एकच जिवंत व्यक्ती असू शके, ती म्हणजे राजमाता. राज्यसंस्थेने या शक्तीची धास्ती घेतली होती. इ.स.पू. १८० मध्ये राजमाता ल्यू हिच्या मृत्यूनंतर तिच्या संपूर्ण माहेरकुळाची कत्तल झाली. इ.स. ९ मध्ये राजमाता वांगच्या माहेरच्या वांग मांगने सिंहासनच बळकावले. उत्तर वेई राजवटीत तर राजपुत्राला वारस घोषित करताना त्याच्या जन्मदात्रीला मृत्युदंड देण्याची प्रथा पडली. मातेच्या सत्तेची भीती इतक्या क्रूर आणि इतक्या प्रामाणिक रीतीने क्वचितच कोणत्या राजवटीने मान्य केली असेल.

झेन ह्वान : पित्याचा अपराध, कन्येची शिक्षा

'झेन ह्वान' ही ल्यू ल्येनझी या लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली मालिका. कादंबरीतील राजवट काल्पनिक होती. मालिकेने ती योंगझेंग सम्राटाच्या (कारकीर्द १७२२–१७३५) काळात आणून ठेवली. या एका निर्णयामुळे प्रेमकथेला इतिहासाचा भार प्राप्त झाला. नायिकेच्या व्यक्तिरेखेमागे छ्येनलुंग सम्राटाची माता न्योहुरू (१६९२–१७७७) हिची सावली आहे. ऐतिहासिक न्योहुरू मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याची मुलगी होती, राजपुत्र योंगझेंगच्या घरी ती लहान वयात आली आणि पती हयात असताना ती कधीही सम्राज्ञी झाली नाही. तिचे सारे वैभव पुत्रामुळे आले. छ्येनलुंगने तिला आपल्या पहिल्या चार दक्षिण दौऱ्यांवर सोबत नेले. तिच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने बीजिंगजवळ सरोवर आणि टेकडी यांची जी रचना झाली, तीच आजच्या ग्रीष्मप्रासादाचा गाभा आहे.

मालिकेतील नायिकेचा बाप न्यायविभागातील अधिकारी आहे. १७२६ मध्ये छ्येन मिंगशी या विद्वानाला, पदच्युत सेनापती न्येन गेंग्याओ याची स्तुतिपर कविता लिहिल्याबद्दल योंगझेंगने जाहीररीत्या अपमानित केले होते. अधिकाऱ्यांना त्याच्यावर टीकाकविता रचण्याचा हुकूम झाला होता. ही घटना ऐतिहासिक आहे. मालिकेत झेन ह्वानच्या पित्यावर याच प्रकरणाशी जोडून किटाळ आणले जाते आणि सारे कुटुंब ईशान्येकडील निंगगुता या थंड, ओसाड प्रदेशात हद्दपार होते. नायिका आपल्या नवजात मुलीला सोडून राजवाड्याबाहेर विहारात जाते. तिथे तिला खरे प्रेम लाभते. ती राजवाड्यात परत येते ती महत्त्वाकांक्षेने नव्हे. प्रियकर मरण पावल्याची वार्ता आलेली, त्याचे मूल पोटात, आणि आजारी बाप हद्दपारीत : या तिहेरी पेचातून सुटण्याचा एकच मार्ग तिला दिसतो, तो म्हणजे ज्या पतीने हे सारे लादले त्याचीच पुन्हा मर्जी संपादन करणे. मालिकेतील हा सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रामाणिक भाग म्हटला पाहिजे.

येथे कायद्याच्या इतिहासातील एक तपशील उद्बोधक ठरतो. इ.स. २५५ मध्ये वेई राज्यातील ग्वानछ्यू ज्येन याच्या बंडानंतर त्याच्या विवाहित नातीलाही मृत्युदंड होणार होता. त्या वेळी छेंग श्येन या अधिकाऱ्याने असा युक्तिवाद केला, की पुरुष परक्या कुळाच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगत नाही. स्त्रीला मात्र माहेर आणि सासर अशा दोन्ही दारांत शिक्षा होते, हा अन्याय आहे. युक्तिवाद मान्य होऊन विवाहित मुलीला माहेरच्या गुन्ह्यातून मुक्त करण्याचे तत्त्व कायद्यात आले. लग्न झालेली मुलगी परक्या घरची, ही एरवी जाचक वाटणारी कल्पना येथे तिचा जीव वाचविणारी ठरली. राजाच्या राणीला मात्र या तत्त्वाचा फारसा उपयोग नव्हता. माहेर पडले की तिची पत पडे. तिची मर्जी उतरली की माहेर पडे. ही साखळी मालिकाकारांनी अचूक पकडली आहे.

इतिहासाशी त्यांनी स्वातंत्र्य घेतले आहे, तेही बोलके आहे. न्येन गेंग्याओची बहीण मालिकेत उद्धट आणि मत्सरी राणी आहे. सम्राटाने दिलेल्या धूपातील कस्तुरीमुळे तिला मूल होत नाही आणि भावाच्या पतनानंतर सत्य कळताच ती भिंतीवर डोके आपटून मरते. प्रत्यक्षात राणी न्येनला योंगझेंगपासून अपत्ये झाली होती, ती सर्व अल्पायुषी ठरली. आणि ती १७२५ च्या डिसेंबरअखेर आजाराने वारली, भावाला आत्महत्येचा हुकूम झाला त्याच्या थोडे आधी. पटकथेने क्रम उलटवला, कारण भाऊ गेल्यावर बहीण उरत नाही हे तिला दाखवायचे होते. राजपुत्र युनली याला मालिकेत सम्राटाच्या संशयापोटी विष प्यावे लागते. ऐतिहासिक युनली सम्राटानंतर सुमारे अडीच वर्षे जगला.

मालिकेतील मुख्य खलनायिका सम्राज्ञी ही उला-नारा कुळातील. तिने स्वतःच्या थोरल्या बहिणीचा, सम्राटाच्या पहिल्या पत्नीचा, जीव घेतलेला असतो. हा गुन्हा उघड होऊनही तिला पदच्युत करता येत नाही, कारण कुळातून पदच्युत सम्राज्ञी निघू नये असा राजमातेचा मृत्युपूर्व आदेश आडवा येतो. म्हणजे जिने कुटुंबाचा द्रोह केला तिला कुटुंबच वाचविते. (ऐतिहासिक राजमाता योंगझेंगच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी वारली होती, पण कथेला तिची गरज होती.)

परंतु कुटुंबनिष्ठेचा खरा कस लागतो तो नायिकेच्या दासीच्या बाबतीत. ह्वानबी ही झेन ह्वानची सावत्र बहीण आहे, बापाने लपवून ठेवलेल्या संबंधातून जन्मलेली. ती बहिणीची वेणीफणी करते, तिच्या मागे उभी राहते आणि एकदा मत्सरापोटी शत्रुपक्षाला मिळते. तिची मागणी पैशाची नाही. मृत आईचा नामफलक झेन कुळाच्या पूर्वजगृहात लागावा आणि आपण त्या कुळाची मुलगी म्हणून मोजले जावे, एवढीच तिची इच्छा आहे. कुटुंबनिष्ठेचे गोडवे गाणाऱ्या असंख्य मालिकांमध्ये, कुटुंबात कोणाला धरले जाते आणि कोणाला नाही, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारी व्यक्तिरेखा दुर्मीळ आहे. तिच्या निष्ठेला मोबदला मिळण्याआधी तिला नाते मिळवावे लागते.

भाचा की पुत्र

नामफलकाचा हा प्रश्न काल्पनिक दासीपुरता मर्यादित नाही. चिनी इतिहासातील एकमेव स्त्री सम्राट वू झेत्येन (६२४–७०५) हिलाही त्याला सामोरे जावे लागले. ६९० मध्ये तिने पतीच्या थांग राजवटीच्या जागी स्वतःची झोऊ राजवट स्थापन केली. माहेरच्या वू कुळातील भाच्यांनी वारसपदावर हक्क सांगितला. ली आडनावाच्या पुत्राला गादी दिली तर नवी राजवट संपणार. वू आडनावाच्या भाच्याला दिली तर पोटचा मुलगा वगळला जाणार. मंत्री दी रेनज्ये याने या प्रसंगी मांडलेला मुद्दा परंपरेने जपून ठेवला आहे : मुलगा गादीवर आला तर आईला पूर्वजमंदिरात पूजा मिळेल, भाच्याने आत्याची पूर्वजमंदिरात पूजा केल्याचे कोणी ऐकलेले नाही. ६९८ मध्ये तिने पुत्राला परत बोलावून वारस नेमले. ७०५ मध्ये ती पदच्युत झाली आणि त्याच वर्षी वारली. सम्राटपदाचा त्याग करून पतीच्या समाधीत पत्नी म्हणून तिचे दफन झाले. सर्व साम्राज्य जिंकलेली स्त्री या एका नियमापुढे नमली. स्त्रीला माहेरच्या पूर्वजगृहात कायमचे स्थान नव्हते. तिला स्थान मिळे ते पुत्राच्या हातून, म्हणजेच सासरी.

या विषयाला अनुरूप अशी मालिका अद्याप निर्माण झालेली दिसत नाही. फान बिंगबिंग यांची भूमिका असलेली वू झेत्येनवरील मालिका डिसेंबर २०१४ मध्ये प्रक्षेपित होऊ लागली, आठवड्याभरात थांबविली गेली आणि १ जानेवारी २०१५ रोजी परतली तेव्हा थांगकालीन वेशातील स्त्रियांची चित्रे चेहऱ्यापुरती कापलेली होती. चर्चा झाली ती वस्त्रांची. वारसाच्या पेचाची फारशी नाही.

त्या मानाने २००३ मधील 'श्याओझ्वांग' ही मालिका अधिक समंजस वाटते, जरी तिने राजपुत्र दोरगोनबरोबरच्या प्रणयाच्या आख्यायिकेला बरीच जागा दिली. खोरचिन मंगोल कुळातील श्याओझ्वांग (१६१३–१६८८), तिची आत्या आणि तिची बहीण या तिघीही होंग ताइजी या एकाच सत्ताधीशाच्या पत्नी होत्या. माहेरने मैत्रीचा करार मुलींच्या रूपाने पक्का केला होता. श्याओझ्वांगनेही तोच मार्ग धरला. पुत्र शुन्झी याला आपली भाची पत्नी म्हणून दिली. त्याने १६५३ मध्ये तिला सम्राज्ञीपदावरून उतरविले आणि पुढच्या वर्षी त्याच माहेरची दुसरी मुलगी त्या पदावर आली. नातू खांगशी तिच्या अखेरच्या आजारात स्वर्गमंदिरापर्यंत पायी चालत गेला. शेन्यांगला पतीशेजारी न नेता पुत्र आणि नातवाच्या जवळ दफन करावे, अशी तिची इच्छा होती. ती मान्य करणे शिष्टाचाराला इतके अवघड होते, की तिची शवपेटी तात्पुरत्या वास्तूत सदतीस वर्षे राहिली. १७२५ मध्ये योंगझेंगच्या काळात समाधी पूर्ण झाली.

बहिणीचा सूड आणि शासनाची नाराजी

२०१८ च्या 'यांशी प्रासाद' या ७० भागांच्या मालिकेत नायिका वेई यिंगल्वो बहिणीच्या मृत्यूचा शोध घेण्यासाठी भरतकाम करणारी दासी म्हणून राजवाड्यात शिरते. तिला मोठे पद नको असते. न्याय हवा असतो. आयचीयी या मंचावर ही मालिका १५०० कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. तिचा ऐतिहासिक आधार म्हणजे ज्याछिंग सम्राटाची माता वेई (१७२७–१७७५), राजघराण्याच्या सेवक वर्गातील हान वंशाच्या कुटुंबात जन्मलेली. १७९५ मध्ये पुत्र वारस म्हणून जाहीर झाल्यावर, मृत्यूनंतर वीस वर्षांनी, तिला सम्राज्ञीपद मिळाले. सेवक वर्गातील स्त्री थेट राजमातृत्वापर्यंत पोहोचल्याची ही वस्तुस्थिती पटकथेपेक्षा अधिक विस्मयकारक आहे. पटकथेत यिंगल्वो दर काही भागांनी एका शत्रूवर मात करते आणि तिला त्याची किंमत फारशी मोजावी लागत नाही. 'झेन ह्वान'मध्ये प्रत्येक विजयाबरोबर नायिकेचे काही ना काही नष्ट होते; त्यामुळे तीच श्रेष्ठ कलाकृती ठरते.

चीनमधील समीक्षकांची आणि शासनाची हरकत वेगळ्या मुद्द्यावर होती. २०१३ मध्ये समीक्षक ताओ दोंगफेंग यांनी 'पीपल्स डेली'त कोरियन मालिका 'दे जांग गम'शी तुलना करून 'झेन ह्वान'च्या नैतिकतेवर आक्षेप घेतला : दुष्टांवर मात करण्यासाठी त्यांच्याहून अधिक दुष्ट व्हावे, असा संदेश ती देते. जानेवारी २०१९ मध्ये 'बीजिंग डेली'ने अंतःपुरमालिकांच्या दुष्परिणामांची यादी दिली आणि अनेक उपग्रह वाहिन्यांनी आपल्या वेळापत्रकातून अशा मालिका काढल्या. ताओ यांच्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु ज्या व्यवस्थेत पित्याच्या एका अनुच्चारित कवितेसाठी मुलीचे जीवन उद्ध्वस्त होते, तिच्यात सज्जनपणाने टिकण्याचा मार्ग कोणता, याचे उत्तर त्यांच्या टीकेत मिळत नाही.

घर हाच दरबार

राजवाडा सोडून सामान्य उच्चकुलीन घरात शिरणारी 'मिंगलान' ही ७३ भागांची मालिका डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे मूळ चिनी नाव सोंगकालीन कवयित्री ली छिंगझाओच्या एका कवितेतून घेतलेले आहे. काळ उत्तर सोंग राजवटीचा. नायिका उपपत्नीची मुलगी. आई बाळंतपणात दुसऱ्या उपपत्नीच्या डावपेचांमुळे मरते आणि आजी तिचा सांभाळ करते. मुलगी हुशारी लपवून वाढते. इतिहासकार पॅट्रिशिया एब्री यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथात सोंग काळात हुंडा आणि स्त्रीधन यांना आलेले महत्त्व विस्ताराने दाखविले आहे. मुलीचे मोल तिच्या आईच्या घरातील स्थानावर आणि सोबत येणाऱ्या संपत्तीवर ठरे. उपपत्नीच्या मुलीची लपवाछपवी म्हणूनच स्वभावाचा भाग नसून व्यवहाराची गरज आहे.

विवाहानंतर मिंगलान प्रतिष्ठित सरदाराची पत्नी होते. माहेरी आजीवर विषप्रयोग झाल्याचे कळताच ती परत येते, घराची नाकेबंदी करते आणि गुन्हेगाराला, थोरल्या आईच्या सख्ख्या बहिणीला, शिक्षा व्हावी असा आग्रह धरते. तिचा बाप प्रकरण दडपू पाहतो, कारण घराण्याची अब्रू आणि मुलग्यांची सरकारी कारकीर्द पणाला लागलेली असते. येथे दोन्ही पक्ष कुटुंबनिष्ठेचीच भाषा बोलतात. बापाची निष्ठा घराण्याच्या नावाशी आहे. मुलीची निष्ठा तिला वाढविणाऱ्या एका वृद्ध स्त्रीशी आहे. लग्न होऊन परकी झालेली मुलगीच हे करू शकते, कारण आता तिच्यावर बापाची सत्ता चालत नाही. २५५ सालच्या युक्तिवादातील तर्क येथे वेगळ्याच वाटेने परततो.

या सर्व नायिकांच्या वाट्याला शेवटी काही ना काही स्थान येते. छ्येनलुंगची दुसरी सम्राज्ञी नारा मात्र त्यास अपवाद आहे. तिच्या जीवनावर २०१८ मध्ये 'रुयी' ही ८७ भागांची मालिका निघाली. मालिकेतील रुयी आत्याकडून कुळाची प्रतिष्ठा राखण्याची जबाबदारी घेऊन अंतःपुरात टिकते. १७६५ च्या दक्षिण दौऱ्यात ऐतिहासिक नाराने आपले केस कापले. मांचू रीतीनुसार स्त्रीने केस कापावेत ते पतीच्या किंवा सासूच्या मृत्यूनंतर, आणि या प्रसंगी दोघेही जिवंत होते. तिला तत्काळ राजधानीस परत पाठविण्यात आले. १७६६ मध्ये तिचा मृत्यू झाला. सम्राज्ञीचे अंत्यविधी झाले नाहीत, स्वतंत्र समाधी बांधली गेली नाही, दुसऱ्या एका राणीच्या समाधीत तिची शवपेटी ठेवण्यात आली आणि तिच्या नावाचा फलक उभारला गेला नाही.